आधी वाचन, मग अधिकार

पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीचा जुन्या आवृत्तीचा सर्व्हर संगणकावरून काढून नवा बसवण्याचे काम आज हाती घेतले. दोन्हींसाठी स्क्रिप्ट, म्हणजे ओळीने चालणाऱ्या आज्ञांच्या फाइली, तयार होत्या. तरी बराच वेळ मी त्या ओळ न ओळ वाचण्यातच घालवला. सुडो ही आज्ञा लावून स्क्रिप्ट चालवली की तिच्यातल्या प्रत्येक ओळीला रूटचा, म्हणजे संगणकावर काहीही करू शकणाऱ्या मुख्य वापरकर्त्याचा, अधिकार मिळतो, मग त्या ओळीला त्याची गरज असो वा नसो. पोस्टग्रेएसक्यूएलचा सर्व्हर मात्र रूट म्हणून सुरू व्हायलाच नकार देतो, आणि त्याची ही शिस्त मला फार मोलाची वाटते.

बसवणाऱ्या स्क्रिप्टमधल्या दोन ओळी मी खोडल्या. एक ओळ सर्व्हरला सगळ्या नेटवर्क पत्त्यांवर ऐकायला लावत होती, तर दुसरी पासवर्ड न विचारता कोणालाही आत घेत होती. डेटाबेस याच संगणकापुरता असताना लोकलहोस्ट, म्हणजे फक्त याच संगणकावरून जोडणी, ही मूळची मर्यादाच योग्य आहे.

खरी धास्ती काढणाऱ्या स्क्रिप्टची होती. डेबियन या लिनक्स प्रणालीत ‘रिमूव्ह’ केल्यास प्रोग्रॅम जातो, पण कॉन्फिगरेशन आणि डेटा मागे राहतात; ‘पर्ज’ मात्र डेटापर्यंत पोहोचू शकतो. या स्क्रिप्टमध्ये त्यापुढे फोल्डर सरसकट पुसणारी आज्ञा होती, आणि फोल्डरचा मार्ग एका व्हेरिएबलमधून, म्हणजे मजकूर साठवणाऱ्या नावातून, येत होता. ते व्हेरिएबल रिकामे राहिले, तर मागे उरलेली तिरकी रेघ म्हणजे संपूर्ण डिस्कचे मूळ. व्हेरिएबल घोषितच नसेल तर ‘सेट -यू’ ही स्क्रिप्टमध्ये लिहायची सूचना स्क्रिप्ट थांबवते, परंतु घोषित असून रिकामे असल्यास ती काहीच बोलत नाही. म्हणून रिकामेपणाची तपासणी मी वेगळी लिहिली आणि पुसण्याची आज्ञा स्क्रिप्टमधून काढूनच टाकली.

क्रमही उलटा केला. चालू सर्व्हरची डेटा डिरेक्टरी नुसती कॉपी करणे म्हणजे बॅकअप नव्हे, त्यामुळे पीजी-डंपऑल हे पोस्टग्रेएसक्यूएलचेच साधन वापरून सर्व डेटाबेस आणि रोल (डेटाबेसचे वापरकर्ते) एका फाइलीत घेतले. जुना सर्व्हर ५४३२ या पोर्टवर, म्हणजे जोडणीच्या क्रमांकावर, चालू ठेवून नवा ५४३३ वर बसवला, त्यात ती फाइल भरली, तक्त्यांमधल्या नोंदी ताडून पाहिल्या आणि त्यानंतरच जुना काढला. त्याची डेटा डिरेक्टरी अजून जागेवर आहे. रोजची सगळी कामे नव्या सर्व्हरवर सुरळीत होऊ लागली की ती मी पूर्ण मार्ग टाइप करून, स्वतःच्या हाताने पुसेन.