बुलेटचं टायमिंग: आधी गॅप, मग पिस्टन

किक उलटी मारते, गरम झाल्यावर गाडी ओढत नाही, घाटात सायलेन्सरचा बेंड निळा पडतो. कास्ट आयर्न इंजिनच्या पॉइंटवाल्या (उघडले की ठिणगी पाडणारे संपर्क असलेल्या) बुलेट ३५० ची यातली कुठलीही तक्रार आली की हात आधी टायमिंगच्या, म्हणजे ठिणगी कधी पडते ते ठरवणाऱ्या, प्लेटकडे जातो. बहुतेक वेळा तो तिथे जायला नको असतो, कारण टायमिंग आपसूक हलत नाही. ते हलवणारं काहीतरी आधी झिजलेलं किंवा अडकलेलं असतं.

सगळ्यात आधी गॅप, म्हणजे पॉइंटमधली फट. पॉइंट पूर्ण उघडलेले असताना ०.३५ ते ०.४० मिमीचं फीलर (मापाची पातळ पट्टी) हलकं घासत आत गेलं पाहिजे. गॅप आणि टायमिंग वेगवेगळ्या गोष्टी नाहीत. गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात, म्हणजे ठिणगी लवकर पडते, टायमिंग पुढे जातं. कमी झाला की मागे येतं. पॉइंट उघडणाऱ्या कॅमवर घासणारी फायबरची टाच झिजते, गॅप मिटत जातो आणि गाडी महिन्या-महिन्याने सुस्त होते. म्हणून टायमिंग लावून झाल्यावर गॅपला हात लावला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. पॉइंटवर खड्डा आणि समोर डोंगर तयार झाला असेल, तर फीलर डोंगराच्या टोकाला टेकतं आणि माप खोटं येतं. पॉइंट सारखे जळत असतील तर संशय कंडेन्सरवर (पॉइंटवरची ठिणगी शोषणाऱ्या भागावर) घ्या, फक्त पॉइंट बदलून भागत नाही.

मग ऑटो अॅडव्हान्स, म्हणजे वेग वाढला की वजनांनी कॅम पुढे सरकवणारी यंत्रणा. कॅम बोटांनी फिरवून सोडा. तो स्प्रिंगने टुणकन जागेवर परत यायला हवा. आळसत आला किंवा मध्येच राहिला, तर वजनांच्या पिना गंजल्या आहेत किंवा स्प्रिंगा ढिल्या पडल्यात. ढिल्या स्प्रिंगांनी किकच्या वेगालाही टायमिंग पुढेच राहतं, आणि उलटी किक मारणारी बुलेट हीच. वजनं बंद अवस्थेतच जाम असतील तर उलट: स्टार्ट छान होते, पण पळत नाही. कॅम आडवा हलवूनही पाहा. शाफ्टचं बुश गेलं असेल तर प्रत्येक ठिणगी वेगळ्या जागी पडणार, आणि त्यावर कुठलीही सेटिंग टिकत नाही.

एवढं ठीक असेल तरच पुढचं. बुलेटचं स्टॅटिक (इंजिन बंद ठेवून लावायचं) टायमिंग म्हणजे कॉम्प्रेशन स्ट्रोकवर, ऑटो अॅडव्हान्स पूर्ण मागे असताना, पिस्टन टीडीसीच्या, म्हणजे त्याच्या सगळ्यात वरच्या जागेच्या, ०.८ मिमी खाली (जुन्या मापात १/३२ इंच) असेल तेव्हा पॉइंट नुकते सुटायला हवेत. स्ट्रोक ९० मिमीचा आहे, त्यामुळे हे ०.८ मिमी म्हणजे क्रँकचे साधारण ९ ते १० अंश. टीडीसीजवळ पिस्टन जवळपास थांबलेलाच असतो. इथे ०.२ मिमी चुकलं तर एक अंशाहून थोडं जास्त चुकतं, पण टीडीसीच चुकीचा धरला तर पाच अंशही सहज जातात.

गॅरेजची रीत म्हणजे प्लगच्या भोकातून सायकलचा स्पोक. वाईट नाही, पण प्लग तिरका बसतो, त्यामुळे स्पोकवरचं ०.८ म्हणजे पिस्टनचं ०.८ नव्हे. शिवाय माथ्यावर स्पोक बराच वेळ स्तब्ध दिसतो. खरं काम डिग्री डिस्कचं, म्हणजे अंशांच्या खुणा असलेल्या चकतीचं. प्रायमरी कव्हर मधल्या एका नटवर असतं. खाली ट्रे ठेवा, ऑइल येणारच. क्रँकच्या टोकावरच्या रोटरच्या नटवर डिस्क, केसला वाकवलेली तार हा काटा. जुन्या प्लगचं पोर्सिलेन फोडून त्यात बोल्ट बसवला की पिस्टनचा स्टॉपर तयार. टॅपेटचं कव्हर उघडून दोन्ही पुशरॉड बोटांनी फिरतात ना ते पाहा, म्हणजे कॉम्प्रेशनच असल्याची खात्री. गाडी चौथ्या गिअरमध्ये, मधल्या स्टँडवर. मागचं चाक हलकेच एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला फिरवून पिस्टन स्टॉपरला टेकवा. दोन आकड्यांच्या बरोबर मध्ये टीडीसी. स्टॉपर काढायला विसरू नका.

आता चाक उलटं फिरवून ३० अंशांपर्यंत मागे जा आणि फक्त पुढच्या दिशेने फिरवत १० अंशांवर या. उलट्या बाजूने आलात तर चेन आणि टायमिंग गिअरची मोकळीक आकड्यात मिसळते. पॉइंट सुटल्याचं कळायला एक बल्ब पुरतो: एक वायर पॉइंटच्या टर्मिनलला, दुसरी बॉडीला. इग्निशन चालू असताना पॉइंट बंद असले की बल्ब विझलेला, उघडले की पेटतो. प्लग टोपीत घालून बॉडीला टेकवून ठेवा, पण भोकापासून लांब. वेळ लागणार असेल तर चावी बंद करा, कॉइल तापते.

बल्ब नसेल तर सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद पॉइंटमध्ये धरून हलकं ओढा, ज्या क्षणी तो सुटेल तो क्षण. अँपिअर मीटरवरही हेच दिसतं. पॉइंट बंद असताना काटा मायनसकडे झुकतो, उघडले की मध्यावर येतो. किक मारण्याआधी बुलेटवाले काटा मध्यावर आणतात ते यासाठीच. स्टार्टला तो पुरतो, टायमिंग लावायला मात्र जाडाभरडा आहे.

बल्ब उशिरा पेटला तर प्लेटचे नट सैल करून ती कॅम फिरतो त्याच्या उलट दिशेला सरकवा, लवकर पेटला तर कॅमच्याच दिशेला. कॅम कुठे फिरतो हे पुस्तकात शोधत बसू नका, चाक फिरवा आणि बघा. प्लेटची खाच संपली तरी माप येत नसेल, तर कॅम शाफ्टच्या टेपरवर (निमुळत्या टोकावर) चुकीच्या जागी बसलाय. मधला बोल्ट काढून तो पुलरने सोडवा. स्क्रूड्रायव्हरने उचकाल तर शाफ्ट वाकेल.

शेवटची पारख रस्त्यावर. इंजिन पूर्ण गरम, चौथा गिअर, ताशी तिसाच्या आसपास, एका दमात रेस द्या. बारीक टकटक आली तर प्लेट केसभर मागे. नवे पॉइंट असतील तर कॅमवर ग्रीसचं फक्त बोट पुसा, आणि पाचशे किलोमीटरनंतर गॅप पुन्हा तपासा. टाच तोवर कॅमवर बसलेली असते, आणि तिच्याबरोबर टायमिंगही थोडं मागे आलेलं असतं.