आईचे पाच तास

मी निफाड तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावी-सातवीला गणित शिकवते. दर जानेवारीत आमच्याकडे बाल आनंद मेळावा भरतो. मुलं पटांगणात फक्कीच्या रेघा मारून दुकानं मांडतात. घरची मेथी, कोथिंबीर, भेळ, ढोकळा, पाणीपुरी असं काय काय आणतात, आणि दोन-अडीच तासांत गाव येऊन सगळं संपवून जातं. 'मुलांना व्यवहारज्ञान मिळाले' असं आम्ही अहवालात लिहितो. मीही सहा वर्षं तेच लिहीत आले.

जानेवारी २०२५ च्या मेळाव्यात सहावीतल्या एका मुलीने कोथिंबीर वडी आणली होती. दहा रुपयांना चार. ६४ प्लेटी गेल्या. पैसे दोनदा मोजून ती पळत आली, "मॅडम, ६४० रुपये नफा!" मी फळ्यावर तिचं नाव पहिलं लिहिलं. टाळ्या झाल्या, फोटो निघाला.

दुसऱ्या दिवशी सहावीला नफा-तोट्याचा धडा होता. कालचंच उदाहरण घेऊ म्हणून तिला विचारलं, "खर्च किती आला गं?"

"काहीच नाही मॅडम. घरचंच होतं."

वर्गातली सगळी मुलं हेच म्हणत होती. तेल घरचं, बेसन घरचं, मेथी तर वावरातलीच. सहा वर्षं आम्ही मुलांना विक्रीलाच नफा म्हणायला शिकवत होतो, हे मला तेव्हा उमगलं. त्या तासाचा पुढचा सगळा वेळ मी तिच्या वड्यांवरच घालवला. बेसन दोन किलो, २०० रुपये. तेल १४०. मिरची, लसूण, तीळ ४०. कागदी प्लेटी ५०. गॅस अंदाजे ३०. कोथिंबिरीच्या सहा जुड्या. "त्या विकत नाही आणल्या," ती म्हणाली. मागच्या बाकावरून एक जण बोलला, "पण बाजारात नेल्या असत्या तर दहाला एक गेली असती." म्हणजे ६०. बेरीज ५२०. उरले १२०.

इथेच थांबले असते तरी चाललं असतं. पण पुस्तकातल्या गणितात वाहतूक आणि हमाली खरेदीत मिळवायची असते, आणि एका मुलाने नेमकं तेच विचारलं: "मॅडम, वड्या कुणी केल्या त्याची हमाली?" रात्री नऊ ते अकरा उकडणं, पहाटे पाच ते आठ तळणं. आईचे पाच तास. कांदा लागवडीला आमच्याकडे तेव्हा बायांचा रोज साडेतीनशे होता, सात तासांचा. तासाला ५०. पाच तासांचे २५०.

तिने वहीत १२० मधून २५० वजा करायला घेतले आणि पेन्सिल थांबली. मग हळूच म्हणाली, "मग आईचे पैसे द्यायचे राहिले."

त्या रात्री मला झोप लागली नाही. पोरीच्या तोंडचा आनंद आपण हिरावला असं वाटत राहिलं. दोन पालकांनी तसं बोलूनही दाखवलं. लहान पोरांचा खेळ, त्यात कशाला एवढा हिशेब? त्या मुलीची आई मात्र शाळेत आली ती वेगळंच सांगायला. "आमची मजुरी कुठं धरतेत मॅडम? घरचंच काम." ती तक्रार करत नव्हती, मला समजावून सांगत होती. तेव्हाच मी ठरवलं की पुढच्या मेळाव्याला हिशेबाच्या वहीत एक रकाना जास्त असेल: घरची मजुरी.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर विद्यार्थी बचत बँकेपासून सुरुवात केली. अशा बँका बऱ्याच शाळांत असतात. आमची नुसती कपाटातल्या डब्यापुरती उरली होती. मॅनेजर, कॅशियर आणि क्लार्क मुलांनीच निवडले. दर शनिवारी भरणा, पुठ्ठ्याची पासबुकं. दोन रुपये आणणाऱ्यालाही वीसवाल्याइतकीच पावती. डिसेंबरपर्यंत साडेचार हजारांच्या आसपास जमले.

खऱ्या बँकेत खाती काढायचं काम त्याहून जड गेलं. दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतःच्या सहीने बचत खातं उघडून चालवू द्यायची मुभा रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्येच बँकांना दिली आहे, आणि एप्रिल २०२५ च्या परिपत्रकात तीच पुन्हा सांगितली आहे. तरी शाखेत पहिल्यांदा गेले तेव्हा "पालकाशिवाय निघतच नाही" म्हणून परत पाठवलं. दुसऱ्यांदा साहेब रजेवर. तिसऱ्यांदा परिपत्रकाची प्रिंट नेली. १९ खाती निघाली. मला राग आला तो माझ्या खेपांचा नव्हता. पहिल्या खेपेला माझ्याबरोबर चार मुलं होती, इस्त्रीचे कपडे घालून आलेली, आणि त्यांच्याकडे कुणी वर मान करून पाहिलंही नाही.

डिसेंबरात एका दप्तराविना शनिवारी सातवीला लासलगाव बाजार समितीत नेलं. बहुतेकांचे वडील तिथेच कांदा घालतात, पण मुलांनी लिलाव कधी नीट पाहिला नव्हता. ट्रॅक्टरच्या रांगा, ट्रॉलीत हात घालून कांदा चाचपणारे व्यापारी, आकडा पुकारत पुढे सरकणारा घोळका. एका ट्रॉलीचा लिलाव मिनिटभरातही उरकतो. शेतकरी उभा असतो ट्रॉलीच्या कडेला, आणि बोलतात बाकीचे. "भाव आपण का नाही सांगायचा?" असं एकीने विचारलं. मी उत्तर शोधत होते, तेवढ्यात एक मुलगा म्हणाला, "हा लाल कांदा आहे. ठेवला तर सडतो. उन्हाळ कांदा असता तर कांदाचाळीत साठवून ठेवला असता." मागणी-पुरवठा मी पुस्तकातून चार वेळा शिकवला असेल, पण थांबण्याची ऐपत ज्याच्याकडे असते भाव त्याच्या बाजूने झुकतो, हे त्या पोराने एका वाक्यात सांगितलं.

येताना गाडीत मी मुलांना विचारलं की आपल्या वावरापासून मुंबईतल्या ताटापर्यंत या कांद्याला किती जणांचे हात लागतात. रोपं टाकणारा, लागवडीच्या बाया, ट्रॅक्टरवाला, भुईकाट्यावरचा माणूस, लिलाव लिहून घेणारा, हमाल, निवड करणाऱ्या बाया, गोणी शिवणारा, ट्रकचा ड्रायव्हर, त्याचा विमा काढणारा, वाशीचा व्यापारी, हातगाडीवाला, खाणावळीतला आचारी. मोजता मोजता तीसच्या वर गेले. 'मी कोण होणार' या निबंधात दर वर्षी वर्गात पोलीस, फौजी आणि डॉक्टर एवढेच निघतात. त्या वर्षी एकीने लिहिलं की तिला शीतगृहाची इंजिनीअर व्हायचंय, म्हणजे लाल कांदाही थांबू शकेल. लाल कांदा मुळात टिकाऊ नाही, हे मी तिला सांगितलं नाही. ते शोधायला तिच्याकडे पुष्कळ वर्षं आहेत.

सोमवारी तोच चाळीवाला मुलगा वडिलांची पट्टी, म्हणजे कांदा विकल्याची पावती, घेऊन आला. घड्या पडलेली, एका कोपऱ्याला कांद्याचं पातळ लाल साल चिकटलेलं. २२ क्विंटल, भाव ११५०. रक्कम २५,३००, खाली हमाली-तोलाई वजा. तोवर त्याच्या लेखी 'पप्पांना पंचवीस हजार मिळाले' एवढंच होतं. आम्ही खर्चाचे रकाने पाडले: रोपं, खत, औषधं, मजूर, ट्रॅक्टरभाडं. शेवटी घरची मजुरी, त्यात आई-वडील, आजी आणि सुट्टीच्या दिवशी तो स्वतः.

मग मी त्यांना सांगितलं की दिल्लीत हमीभावाची शिफारस करणारा कृषी खर्च व मूल्य आयोगही हेच करतो. हाताने दिलेला खर्च म्हणजे ए-२. त्यात कुटुंबाची मजुरी धरली की ए-२ अधिक एफएल. स्वतःच्या जमिनीचा खंड म्हणजे भाडं आणि स्वतःच्या भांडवलाचं व्याज धरलं की सी-२. हमीभावाचं एक मोठं भांडण या तिन्हींतल्या कुठल्या खर्चावर दीडपट धरायची, याचं आहे. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात सरकारने दीडपट जाहीर केली ती ए-२ अधिक एफएल वर. शेतकरी संघटना सी-२ मागतात. सोयाबीनला हमीभाव आहे, कांद्याला तो नाहीच. वर्ग गप्प होता. "म्हणजे आईची मजुरी दिल्लीत धरतात?" वडीवाल्या मुलीने विचारलं. मी म्हटलं, कागदावर तरी धरतात.

पट्टीवाल्या मुलाची वही दोन दिवस परत आली नाही. विचारलं तर म्हणाला, पप्पांनी ठेवून घेतलीय, द्राक्षाचाही हिशेब मांडायला.

जानेवारीत मेळावा झाला तो पाच-पाच जणांच्या गटांचा. बचत बँकेतून गटाला ३०० रुपये कर्ज, महिन्याने तीन रुपये व्याज, आणि त्याआधी काय विकणार, कुणाला, कितीला, हे कागदावर लिहून मॅनेजरला पटवून द्यायचं. घरून आणलेल्या वस्तूला बाजारभाव लावायचा. भांडणं झाली. दोघींनी रडारड केली. मला मधे पडावंसं वाटत होतं, पण पडले नाही.

पाणीपुरीवाल्यांच्या पुऱ्या सादळल्या. हातात २१५ उरले, कर्ज ३००. शनिवारी बँकेची बैठक बसली. बरीच मुलं म्हणाली सोडून द्या, त्यांची चूक नव्हती. कॅशियर, जेमतेम साडेचार फुटांची पोरगी, उठून म्हणाली, "पैसे बँकेचे नाहीत, आपल्या सगळ्यांचे आहेत. पहिलीतल्या पोरांचेपण आहेत." शेवटी व्याज माफ करायचं आणि उरलेले ८५ रुपये प्रत्येकाने आठवड्याला पाच असे फेडायचे ठरलं. चौथ्या शनिवारी फिटले. त्या पाचही जणांना मी नंतर एकदा शाळेच्या ओट्यावर पुऱ्या का सादळतात यावर बोलताना ऐकलं.

वडीच्या गटाने प्लेट १५ ला केली. मेथीवाले हसले. ४१ च गेल्या, ६१५ रुपये. कोथिंबीर मुलांनीच निवडली आणि चिरली, तळायला तेवढं आईला दोन तास बसवलं. सामानाचे ४३५, मजुरीचे १००, व्याजाचे तीन. पाच जणांत वाटायला ७७ उरले.

संध्याकाळी ती मुलगी आईला घेऊन वर्गात आली. पाकिटात शंभराची नोट होती, आणि वहीत 'घरची मजुरी' रकान्यापुढे सहीसाठी जागा. आई मला म्हणाली, "हे काय हो मॅडम, पोरीकडून पैसे घेऊ का?" मुलगी पेन पुढे धरून उभीच राहिली. आईने पदराला हात पुसले, बाकावर बसली, आणि विचारलं, "नाव माझंच लिहू ना?"