तुम्ही विचारलंत म्हणून: मेंबरशिप विकून हातात किती पडतं?

बेळगाव शहरातली, खानापूर-निपाणीकडची नुकती बीकॉम झालेली पोरं हमखास विचारतात: हॉलिडे मेंबरशिपच्या (एकदाच मोठी रक्कम ठरवून पुढची पंचवीस वर्षं दरवर्षी ठराविक दिवस कंपनीच्या रिसॉर्टमध्ये राहायचं) सेल्समध्ये कमिशनवर जाऊ का? महिन्याला किती सुटतात? जाहिरातीत ‘सहज चाळीस हजार’ लिहिलेलं असतं. त्यातला ‘सहज’ बाजूला ठेवून हिशेब मांडूया.

समजा मेंबरशिप ३ लाखांची आहे. १८ टक्के जीएसटी धरून गिऱ्हाइकाला ३ लाख ५४ हजार पडतात, कमिशन मात्र ३ लाखांवर. ४ टक्के ठरलं असेल तर १२ हजार. तेही एकदम येत नाहीत. अर्धे डाऊन पेमेंट जमा झाल्यावर, उरलेले अर्धे गिऱ्हाइकाचे दोन-तीन हप्ते भरून झाल्यावर, अशी अट असते. तिच्या खालीच दुसरी ओळ: गिऱ्हाइकानं कॅन्सल केलं तर दिलेलं कमिशन पुढच्या महिन्यातून कापणार. टक्का कशावर, पैसे कधी आणि कापायची मुदत किती महिन्यांची, हे रुजू होण्याआधी लेखी घ्या. ‘ते होतंय हो’ असं उत्तर आलं तर ते होत नाही, एवढं समजा.

कमिशनवर २ टक्के टीडीएस कापतात (ऑक्टोबर २०२४ आधी ५ होता). पॅन दिलं नसेल तर थेट २०. रिटर्न भरलं की तो परत मिळू शकतो. लहान दुकानदाराला उलाढालीच्या ठराविक टक्क्यानं नफा दाखवून मोकळं होता येतं, तशी सोय कमिशनच्या कमाईला नाही. खरा खर्च दाखवायला पेट्रोल आणि मोबाईलची बिलं म्हणूनच जपून ठेवायची.

आता टेबलाकडे. मॉलमधल्या नाहीतर पेट्रोल पंपावरच्या कूपनातून नंबर गोळा होतात, टेलिकॉलर ‘गिफ्ट लागलंय, जोडीनं या’ म्हणून बोलावते, आणि रविवारी हॉटेलच्या हॉलमध्ये जोडपी येतात. तुमच्या वाट्याला एक टेबल आणि तास-दीड तास. आधी घरची विचारपूस, मग फिरायला दरवर्षी किती खर्च होतो तो आकडा त्यांच्याच तोंडून काढून कागदावर लिहायचा, त्याला २५ नं गुणायचं. मग रिसॉर्टचे फोटो, मग किंमत. ‘नको’ म्हटलं की मॅनेजर येऊन बसतो. त्याला टी.ओ. म्हणतात, म्हणजे टेकओव्हर. तो किंमत उतरवतो आणि ‘ही आजच्यापुरतीच’ म्हणतो. गिऱ्हाईक अडकतं ते इथंच, आणि पुढं कॅन्सल होतं तेही इथलंच. घाईत झालेली सही घरी गेल्यावर पस्तावते. नावाजलेल्या कंपन्यांच्या करारात पैसे परत मागायला साधारण १० दिवसांची मुदत असते. ते दिवस उलटेपर्यंत तो सौदा आपला मानायचा नाही.

सगळ्यात जास्त कॅन्सल होतात ती वार्षिक शुल्कामुळं. राहायला गेलात किंवा नाही, ते भरावंच लागतं, आणि वाढत जातं. शिवाय मेंबरशिपमध्ये खोली आहे, जेवण नाही. टेबलावर हे दोन्ही स्वतःच्या तोंडानं सांगितलं तर दहातले दोन जण उठून जातील. जाऊ देत. ते नाहीतरी नवव्या दिवशी गेलेच असते, आणि आपलं कमिशनही घेऊन गेले असते.

एक बारीक गोष्ट, ट्रेनिंगमध्ये कुणी सांगत नाही. ईएमआयसाठी बँकेचा मँडेट फॉर्म, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी, भरून घेतात. आपल्याकडं कितीतरी जणांची बँकेतली सही मराठीत असते, कुणाची कानडीत. हॉलमधला फॉर्म इंग्रजी बघून माणूस इंग्रजीत सही ठोकतो. सही जुळत नाही म्हणून मँडेट परत, हप्ता थांबला, कमिशनही थांबलं. पेन हातात देतानाच विचारा, ‘पासबुकावर सही कुठल्या भाषेत आहे, काका?’

जोडीनं बोलवायचा नियम पुण्या-मुंबईत ठीक. इथं नवरा-बायको मान डोलावतात आणि शेवटी म्हणतात, ‘बाबांना विचारून सांगतो.’ ती थाप नसते. चेकबुक खरोखरच बाबांकडं असतं. फोनवरच ‘घरातले मोठे असतील तर त्यांनाही आणा’ म्हणायला सांगा.

गोव्याचे फोटो इथं चालत नाहीत. चोर्ला घाटानं सकाळी निघालेला माणूस दुपारी मासे जेवून रात्री घरी येतो, त्याला गोव्यात पंचवीस वर्षं खोली कशाला? केरळ, हिमाचल दाखवा. सीझनचा तक्ता (मेंबरशिपवर कुठल्या दिवसांत खोली मिळते तो) मात्र कर्नाटकच्या शाळांप्रमाणं वाचा. इथल्या शाळांना उन्हाळ्याची सुट्टी एप्रिलमध्ये लागते आणि मेअखेर शाळा भरतात. मधली मोठी सुट्टी दसऱ्याला. महाराष्ट्रातल्या टीमनं ‘दिवाळीत जा, जूनच्या पहिल्या आठवड्यात स्वस्त पडतं’ असं पाठ करून दिलेलं असतं. टिळकवाडीतली आई दोन वाक्यांत ते मोडून काढते.

व्हॉट्सॲपवर ‘मे महिन्यात बुकिंग नक्की’ असलं काही लिहू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणं गिऱ्हाईक जिथं राहतं तिथंच तक्रार करू शकतं, कंपनीचं ऑफिस चेन्नईला असो की मुंबईला. म्हणजे बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात तुमचा तो मेसेज छापून फायलीला लागतो.

पहिल्याच आठवड्यात मॅनेजर ओळखीच्या शंभर नावांची यादी मागतो. मामा, साडू, गल्लीतले रिटायर सुभेदार, ज्यांची ग्रॅच्युइटी नुकतीच आलीय. देऊ नका. दुसऱ्या दिवसापासून टेलिकॉलर त्या नंबरांवर लागतात, आणि नंबर कुणी दिला तेही सांगतात.