सुट्ट्या वांग्यावरचा कर

हिवाळ्यात जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरच्या आसपास चालायला निघालं की पायांना काम असतं, डोक्याला नसतं. उत्तरेला सातपुडा, दोन्ही बाजूंना केळीच्या बागा आणि मधून गाडरस्ता. रिकाम्या डोक्यात काहीही शिरतं. माझ्या डोक्यात हल्ली कर शिरतो.

याला कारण फाट्यावरची टपरी. चहासोबत 10 रुपयांचा बिस्किटपुडा घेतला की मी तो उलटा करून वाचतो. किमतीखाली बारीक अक्षरात 'सर्व करांसहित'. 22 सप्टेंबर 2025 च्या आधी बिस्किटांवर 18 टक्के जीएसटी होता, म्हणजे 10 तले दीड रुपये सरकारचे. आता 5 टक्के, म्हणजे 48 पैसे. रुपयाभराचा फरक पडला, पण तेव्हा दीड रुपया देताना कळलं नाही आणि आता वाचलेलाही कळत नाही. जकात नाका निदान दिसायचा तरी! गावाबाहेर आडवा बांबू, ट्रकांची रांग, नाक्यावरच्या माणसाचा तोरा. कुणीतरी काहीतरी वसूल करतंय, हे लहान पोरालाही समजायचं.

चालण्याचं आणि कराचं नातं तसं जुनं. 12 मार्च 1930 ला साबरमतीहून निघालेली मंडळी दांडीपर्यंत पायी गेली, ती मिठावरच्या करापायी. आज मिठावर जीएसटी शून्य आहे. बाकी किराण्याची तऱ्हा मजेशीर. दुकानदाराने पोत्यातून मोजून दिलेल्या तूरडाळीला कर नाही. तीच डाळ छापील लेबलाच्या किलोभर पिशवीत आली की 5 टक्के. केळीच्या घडाला काही नाही, त्याच केळीचे वेफर झाले की 5 टक्के. एकूण काय, माल जितका शेताजवळ तितका करापासून लांब, असं वाटायला लागतं.

मग बामणोदच्या बाजूला एखाद्या बांधावर भरताची वांगी दिसतात. हिरवी, पांढुरक्या रेघांची, हातात घेतली तर जड. कपाशीच्या काड्यांवर भाजायची, मिरची-लसूण घालून बडजायची, म्हणजे ठेचायची, आणि कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीबरोबर खायची. अशी वांगी ती पिकवणाऱ्या आप्पांकडून सुट्टी घेतली तर बिल नाही, लेबल नाही, करही नाही.

कागदावर नाही, एवढंच. आप्पांनी फवारलेल्या कीटकनाशकावर 18 टक्के लागले, खतावर 5, ठिबकच्या नळीवरही लागले. पंपाच्या डिझेलवर जीएसटी नाही, पण केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट आहेच. बिस्किटवाली कंपनी साखरेवर आणि पुड्याच्या कागदावर भरलेला कर आपल्या करातून वजा करून घेते. वांगं करमुक्त, म्हणून आप्पांना वजा करायला जागाच नाही. खरेदीत भरलेलं सगळं तिथेच जिरतं. करमुक्त मालाच्या पोटात लपलेला हा कर कुठल्याच पुड्यावर छापलेला नसतो, आणि मला तोच जास्त खुपतो. बिस्किटावरचा निदान वाचता येतो.

एकदा हे सगळं मी बांधावर बसून आप्पांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मग भाव वाढवून घ्या ना, आप्पा."

"वांग्यावर कुठी छापेल भाव राहातो, भो? बाजारात जो निंघीन तो."

कंपनी आपली किंमत आपण छापते, कर त्यात बसवते आणि माझ्याकडून वसूल करते. आप्पांच्या वांग्यांचा भाव सकाळी लिलावात दुसरेच लोक ठरवतात. आवक वाढली की फवारणीवरचे 18 टक्के सोडाच, तोडणीची मजुरीही निघत नाही. आप्पा मात्र तोवर विषय सोडून काट्याकडे वळले होते. मला एक किलो हवी होती आणि त्यांच्या मते चार माणसांच्या भरताला तेवढ्यात काही होत नव्हतं.