एकाच नंबरच्या दोन नोटा

दसऱ्यानंतर मार्केट यार्डाजवळच्या आमच्या शाखेत झेंडूचा पैसा येतो. दमट, चुरगळलेल्या नोटा, मध्येच एखादी पाकळी. मशीन त्या सारख्या अडवतं, म्हणून मी आधी हातानं मोजते.

सासवडकडचे एक शेतकरी भरणा करायला आले होते. अडत्याकडे माल न टाकता दोन दिवस फुटपाथवर बसून त्यांनी स्वतः फुलं विकली होती. मोजताना पाचशेच्या एका नोटेवर बोट घसरलं. खऱ्या नोटेवर गांधीजींचं चित्र उठावाचं असतं, दोन्ही कडांच्या पाच-पाच तिरक्या रेघा नखाला लागतात. ही सपाट. तिरकी केली, तरी धाग्याचा हिरवा रंग निळा होईना. उजेडात धरली तर वॉटरमार्कच्या जागी फिकट शाईनं छापलेला चेहरा. नंबर मात्र नीट जमवला होता, अंक डावीकडून उजवीकडे मोठे होत गेलेले. मशीननंही ती बाहेर टाकली.

अशी नोट परत देता येत नाही. जप्त केली नाही, तर बँकच बनावट नोटा फिरवण्यात सामील आहे असं रिझर्व्ह बँक धरते आणि दंड करते. मी नोटेवर काउंटरफिटचा पाच सेंटिमीटरचा चौकोनी शिक्का मारला, रजिस्टरला नोंद केली, पावती फाडली. त्या रकमेची भरपाई मिळत नाही, खात्यातही जमा होत नाही. भरणा स्लिप पाचशेनं कमी करून पुन्हा लिहायची.

"ताई, परत द्या, इथंच फाडून टाकतो," ते म्हणाले. पावतीवर सही करायला तयार होईनात. सही केली म्हणजे गुन्हा कबूल केला, असं त्यांना वाटत होतं. सही केली नाही तरी पावती द्यावीच लागते, आणि ती गुन्ह्याची कबुली नाही, हे मी समजावत होते. तेवढ्यात आमचे अधिकारी मागून आले आणि अख्ख्या रांगेसमोर मोठ्यानं म्हणाले, "कुठून आणलीस रे ही?" साठीच्या माणसाला. ते एवढंच म्हणाले, "साहेब, गिऱ्हाईक काय नाव सांगून फुलं घेतं का?"

भारतीय न्याय संहितेचं कलम १७९ जन्मठेपेपर्यंत जातं, पण बनावट आहे हे माहीत असून, किंवा तसं मानायला कारण असून, नोट खरी म्हणून चालवणाऱ्यासाठी. एका व्यवहारात चारपर्यंत नोटा सापडल्या तर महिन्याच्या एकत्रित अहवालातून पोलिसांना कळवायचं. पाच किंवा जास्त असतील तरच लगेच एफआयआर. रांगेतली माणसं हे काही जाणत नाहीत. ती शिक्का मारल्याचा आवाज ऐकतात आणि खिडकीशी उभ्या माणसाकडे बघतात.

ते बाकावर बसून नवी स्लिप लिहीत होते, तेव्हा भागातल्या एका दुकानदाराचा भरणा माझ्याकडे आला. त्यातही तसाच गुळगुळीत कागद. नंबर वाचला आणि रजिस्टर पुन्हा उघडलं. तोच नंबर, एकही अंक वेगळा नाही. एका प्लेटवर अशा कितीही छापता येतात. एका ठशाच्या दोन नोटा दोन अनोळखी माणसांच्या हाती आल्या होत्या, आणि कुणाकडून आली हे दोघांनाही सांगता येत नव्हतं.

अधिकाऱ्यांनी दुकानदाराला आत बोलावलं. "या शेठ, बसा, तुमच्यासारख्यांनाही फसवतात हो हल्ली." शिक्का आत मारला, सही आत झाली, चहाही आला.

शेतकऱ्यानं ते पाहिलं. नवी स्लिप माझ्याकडे सरकवत विचारलं, "त्यांची पण माझ्यासारखीच निघाली का?" दुसऱ्या ग्राहकाचा व्यवहार मला सांगता येत नाही. मी नाही सांगितला. हा नियम मला मान्य आहे, पण त्या क्षणी त्या माणसाला तेवढं एक 'हो' मिळायला हवं होतं, असं मला अजून वाटतं. त्यांना एवढंच म्हटलं, "काका, तुमच्यावर कुणाचा संशय नाही." रांगेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं.

संध्याकाळी कॅश जुळल्यावर मॅनेजरांना सांगितलं: बनावट नोट निघाली की माणूस कोणीही असो, त्याला आत बसवायचं, आणि त्याच्याशी 'अहो-जाहो'नंच बोलायचं. ते म्हणाले, गर्दीच्या दिवशी केबिन रिकामी नसते. मी म्हटलं, आज होती.