शब्द कळावेत म्हणून रिसीव्हर

परदेशातून येताना एव्ही रिसीव्हर (टीव्हीचा आवाज वेगळ्या स्पीकरना वाटून देणारं यंत्र) घेऊन ये, असं हल्ली गावाकडून बरेच जण सांगतात. टीव्ही मोठे झाले, यूट्यूब घरोघरी पोचलं, पण टीव्ही जितके चपटे होत गेले तितका त्यांचा आवाज पातळ होत गेला. त्यामुळे मागणी रास्तच आहे. तरी मी सगळ्यांना सांगते की यंत्र तिकडेच, रत्नागिरी-कोल्हापूरच्या दुकानातून घ्या. अमेरिकेतला रिसीव्हर 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्झचा, आपली वीज 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झची. म्हणजे सोबत जड ट्रान्सफॉर्मर आला, आणि घरातल्या कुणी तो रिसीव्हर चुकून थेट बोर्डात लावला की खेळ खलास. मी राहते त्या जर्मनीत वीज आपल्यासारखीच आहे, पण वॉरंटी बहुतेक वेळा ज्या देशात खरेदी केली तिथेच चालते, आणि 8-10 किलोचं धूड बॅगेत घालायचं म्हणजे बाकीच्यांच्या वस्तूंना जागाच उरत नाही.

आमच्या देवगडच्या घरी रिसीव्हर आला तो बाबांसाठी. टीव्हीचा आवाज कितीही वाढवला तरी त्यांचं म्हणणं एकच, "आवाज येता गो, पण काय बोलतत ता कळणा नाय." वयामुळे कान कमी झाले असतील म्हणून हे सोडून देण्यासारखं नाही. पातळ टीव्हीचे स्पीकर बहुधा खाली किंवा मागे तोंड करून असतात. सिनेमाच्या 5.1 ध्वनीत (पाच स्पीकर आणि खोल आवाजाचा एक सबवूफर, प्रत्येकाचं वेगळं चॅनेल) संवाद मुख्यतः मधल्या चॅनेलवर असतात. टीव्ही ते संवाद, संगीत आणि पावसाचा आवाज सगळं दोन बारीक स्पीकरमध्ये कोंबतो. तरण्या माणसालाही मग शब्द शोधावे लागतात.

हे मला हॅम्बुर्गमध्ये नीट उमगलं. इथे इमारतीत रात्री 10 ते सकाळी 6 शांतता पाळायची असते, रविवारी तर दिवसभर. खालच्या मजल्यावरच्या आजींना त्रास होऊ नये म्हणून आवाज बारीक ठेवून सिनेमा पाहायची सवय लागली, आणि बारीक आवाजात शब्द कसे कळतील याचा विचार करावा लागला. एआरडी या इथल्या सार्वजनिक वाहिनीने तर 'क्लारे श्प्राखे' नावाचा वेगळा ध्वनी देऊ केला आहे. त्यात पार्श्वसंगीत मागे आणि बोलणं पुढे असतं. इतक्या प्रेक्षकांची अडचण एका वाहिनीने मनावर घेतली, याचं मला फार अप्रूप वाटतं. मराठी वाहिन्यांनी हे नक्की करावं. तोवर घरच्या घरी तेच काम सेंटर स्पीकर करतो, आणि सेंटर स्पीकर चालवायचा तर रिसीव्हर लागतो.

म्हणून पहिल्यांदाच पाच स्पीकरच्या मागे लागू नका. आम्ही पुढचे डावा-उजवा, मधला सेंटर आणि एक सबवूफर एवढंच घेतलं, म्हणजे 3.1. आमच्या माजघराला दोन्ही बाजूंनी दारं, एक दार पडवीत उघडतं. मागच्या स्पीकरना भिंतच नाही. ते पुढे कधीही जोडता येतात, रिसीव्हरमध्ये जागा असतेच. पैसे घालायचे तर सेंटरवर घाला.

जोडणीत गोंधळ होतो तो एचडीएमआयचा, म्हणजे चित्र आणि आवाज एकत्र नेणाऱ्या केबलचा. रिसीव्हरच्या मागे बरेच 'इन' आणि एक 'आउट' असतो. सेट-टॉप बॉक्स 'इन'मध्ये. 'आउट'वर एआरसी (टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे परत आणायची सोय; ईएआरसी ही तिची नवी आवृत्ती) लिहिलेलं असतं, त्यातून निघालेली केबल टीव्हीच्या अशाच भोकात जायला हवी ज्यावर एआरसी किंवा ईएआरसी लिहिलेलं आहे. टीव्हीला अशी जागा बहुधा एकच असते. ही एकच केबल मग दोन्हीकडे काम करते: बॉक्सचं चित्र टीव्हीकडे जातं, आणि टीव्हीतल्या यूट्यूबचा आवाज उलट रिसीव्हरकडे येतो. एआरसी 2009 साली एचडीएमआय 1.4 बरोबर आलं, ईएआरसी 2017 साली 2.1 बरोबर. टीव्हीला यातलं काहीच नसेल तर ऑप्टिकल केबल वापरा, 5.1 तिच्यातूनही येतं. केबल लावूनही आवाज आला नाही तर आधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये जा. तिथे सीईसी, म्हणजे एकाच रिमोटने जोडलेली यंत्रं चालवायची सोय, चालू करावी लागते (सॅमसंग त्याला एनीनेट प्लस म्हणतं, एलजी सिम्पलिंक, सोनी ब्राव्हिया सिंक) आणि आवाजाची वाट टीव्हीच्या स्पीकरवरून काढून एचडीएमआयवर द्यावी लागते. सीईसीमुळे टीव्हीच्याच रिमोटने रिसीव्हर चालू-बंद होतो, आवाज कमी-जास्त होतो. आईबाबांच्या हातात दोन-तीन रिमोट नकोत, म्हणून हे सेटिंग मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

स्पीकरला दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर एका खोलीतल्या अंतराला पुरते. लाल लालला, काळी काळीला. एकीकडे उलट झालं तरी आवाज येतो, पण बास पोकळ होतो आणि गायक समोर न वाटता कुठेतरी पसरल्यासारखा वाटतो. वायरचा एखादा सुटा केस शेजारच्या टर्मिनलला टेकला तर रिसीव्हर स्वतःला वाचवायला बंद पडतो. सबवूफरला वेगळी आरसीए केबल, रिसीव्हरच्या 'सब आउट'मधून. हे सगळं मेनची पिन काढून करायचं.

नंतर मोजमाप. बहुतेक रिसीव्हरबरोबर छोटा माइक येतो, त्याने यंत्र स्पीकरचा आवाज मोजून स्वतःच जुळवून घेतं. डेनॉनमध्ये या सोयीचं नाव ऑडिसी, यामाहात वायपाओ. बसल्यावर आपला कान असतो त्या उंचीवर माइक ठेवायचा, हातात धरायचा नाही. स्पीकर एकेक करून आवाज काढतात, आणि कोणता किती लांब आहे ते यंत्र मोजतं. आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, म्हणजे एक स्पीकर 2 मीटरवर आणि दुसरा 4 मीटरवर असेल तर सहा हजारांश सेकंदाचा फरक पडतो. यंत्र जवळच्या स्पीकरला तेवढं थांबवून धरतं. यासाठी शांतता हवी. मे महिन्यात देवगडला पंखा बंद करायचा म्हणजे घामाच्या धारा, आणि दिवसभर कावळे-कोंबडे ऐकतात थोडेच. आम्ही जेवणं झाल्यावर रात्री उशिरा हे काम केलं, फ्रिजही तेवढ्यापुरता बंद ठेवला.

यंत्राने ठरवलेलं मग एकदा तपासून घ्या. छोटे स्पीकर असतील तर सेटिंगमध्ये ते 'स्मॉल' आणि क्रॉसओव्हर 80 हर्ट्झ ठेवा, म्हणजे त्याखालचा आवाज सबवूफर घेतो आणि सेंटरला फक्त बोलण्याचं काम उरतं. सेंटरची पातळी मी हाताने 3 डेसिबलने वाढवली. रात्रीसाठी डायनॅमिक रेंज कमी करण्याची सोय असते. स्फोट खाली येतो, कुजबुज वर येते. टीव्ही उंचावर टांगला असेल तर सेंटरचं तोंड थोडं खाली, कानाकडे झुकवा. गुळगुळीत लादीवरून आवाज परत उसळतो, समोर सतरंजी पसरली की शब्द आणखी सुटे होतात.

बाबा यूट्यूबवर दशावतार पाहतात. ती रेकॉर्डिंग दोनच चॅनेलची असतात, तरी रिसीव्हरला डॉल्बी सराउंड या मोडवर ठेवलं की दोन्ही बाजूंना सारखं असलेलं बोलणं मधल्या स्पीकरकडे वळतं. पायपेटी, पखवाज आणि झांजेच्या गजरातून राजाचं भाषण असं सुटून पुढे आलं, की बाबा ताठ बसले आणि मला म्हणाले, "आता कसा!" त्यांनी आवाज कमी केला. वाढवला नाही, कमी केला. ज्यांच्या घरी टीव्हीवरून रोज वाद होतो त्यांना यातलं सुख कळेल.

आता आपल्या किनाऱ्याची काळजी, जी कुठल्याही माहितीपुस्तकात नसते. खारं वारं तांबं हिरवं करतं. वर्षातून एकदा वायरची टोकं कापून नवी सोलून लावा, किंवा टोकांना लावायला सोन्याचा मुलामा असलेले बनाना प्लग घ्या. पावसात यंत्र महिनोन् महिने बंद ठेवू नका. रोज थोडा वेळ चालू राहिलं तर आतला दमटपणा सुकतो. त्यावर विणलेला रुमाल घालायचा मोह आईला होतोच, पण वरची जाळी मोकळी हवी, वर वीतभर तरी जागा हवी. त्याच उबेला पाली आणि मुंग्या येतात, म्हणून शेल्फ मागून उघडं ठेवा आणि मधूनमधून टॉर्च मारून पाहा. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर स्पीकरमधून गुणगुण ऐकू येऊ शकते. साइन वेव्हचा घ्या.

अर्थिंगही तपासून घ्या. जांभ्याची जमीन पाणी धरत नाही, उन्हाळ्यात कोरडी पडते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. मीठ-कोळसा घातलेल्या खड्ड्यात मार्च ते मे अधूनमधून पाणी ओतत राहायला हवं. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजांची चिन्हं दिसली की नुसतं बटण बंद करून भागत नाही, विजा जवळ यायच्या आधीच पिन काढावी लागते. आम्ही टीव्ही, बॉक्स आणि रिसीव्हर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घेतले आहेत, म्हणजे एकच पिन ओढायची. डिशच्या वायरीतून आलेला झटका मात्र बॉक्समधून एचडीएमआयमार्गे रिसीव्हरपर्यंत पोचतो, तेव्हा तीही हाताने फिरवून वेगळी काढायची. बॉक्सचं ते टोक सहज हाताला येईल असं ठेवायला वायरमनला बसवतानाच सांगा.