पाच नंबरची खाट

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मी स्टाफ नर्स. दिवाळी झाली होती, ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडं निघाल्या होत्या आणि त्यातली एक ट्रॅक्टर-ट्रॉली रात्री घाटात उलटली. कॅज्युअल्टी भरली तसे उरलेले आमच्या फिमेल वॉर्डात, जमिनीवर. मी, एक मावशी आणि दोन शिकाऊ पोरी. गॉज संपला तेव्हा पोरींनी ओढण्या फाडल्या.

पाच नंबरला खुब्याचं हाड मोडलेल्या आजी होत्या. पायाला विटांचं वजन लावलेलं, हलायची सोय नाही. तिथूनच त्या म्हणाल्या, "सिस्टर, ओरडतोय त्याचा श्वास चालू आहे. गप्प आहे त्याला आधी बघ. ती भिंतीकडची पोर."

भिंतीला टेकून विशीतली एक मुलगी बसली होती. अंगावर साधं खरचटलेलंही नव्हतं. हात लावला तर घामानं थंडगार, नाडी लागता लागेना, पोट ताठ, म्हणजे आत रक्तस्राव. दोन्ही हातांना सलाईन लावून पहिल्याच १०८ नं तिला अंबाजोगाईला पाठवली. तिथं प्लीहा काढली, वाचली.

एकाचा पाय चेंगरला होता, रक्त थांबेना म्हणून मांडीला पट्टा आवळला. आजी परत बोलल्या, "बांधल्याची वेळ कपाळावर लिही. चिठ्ठी वाटेत पडते." मार्करनं लिहिली.

पहाटे जरा उसंत मिळाली तेव्हा कळलं, आजी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधून कॅप्टन म्हणून निवृत्त झालेल्या. १९७१ च्या युद्धात पठाणकोटच्या लष्करी रुग्णालयात होत्या. ३ डिसेंबरला तिथल्या विमानतळावर बॉम्ब पडले. त्यानंतर खिडक्यांना काळे कागद, टॉर्चच्या काचेवर कापड, आणि त्या उजेडात शीर शोधायची. मॉर्फिन दिलं की जवानाच्या कपाळावर 'एम' आणि वेळ, नाहीतर पुढच्या ठिकाणी कुणी दुसरा डोस द्यायचा.

"भीती नाही वाटली?"

"ड्यूटी संपल्यावर वाटायची. मग मी दुसऱ्या वॉर्डात जाऊन उभी राहायचे."

आम्ही दर १२ मेला, नर्स दिनाला, फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंच्या फोटोला हार घालतो, दिवा लावतो. पण गर्ट्रूड अ‍ॅलिस राम १९७६ साली मेजर जनरल झाल्या, भारतीय लष्करात त्या हुद्द्यावर पोचलेली पहिली बाई नर्स होती, हे मला नोकरीत इतकी वर्षं काढून त्या खाटेपाशी कळलं. गावात मात्र आजींची ओळख 'मिलिटरीतली नर्सबाई' एवढीच. त्यांना जवान सॅल्यूट ठोकायचे, हे त्यांच्या सुनेलाही नवीन होतं.

सकाळी राऊंडला सरांनी विचारलं, "आजी, काही त्रास?"

"मला नाही," त्या म्हणाल्या, "पण गॉजचा इंडेंट आजच टाका. पोरींच्या ओढण्या संपल्यात."